पाऊस मोजा, मगच पेरा



पाऊस बदलला, असं आपण म्हणतो. शास्त्रज्ञ तो मोजतात. देशभर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाची नोंद होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात दूरवर पसरणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. कोळसा-तेल जाळून माणसानं हवा तापवली, अरबी समुद्रही तापला. तिथून बाष्पाचे लोंढे येतात.

म्हणून पहिल्या सरीवर चाड्यावर मूठ धरू नका. उघड्यावर सरळ काठाचा डबा ठेवा, रोज पट्टीनं मोजून वहीत लिहा. ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन-चार इंच पाऊस होऊन वाफसा आला की उताराला आडवं पेरा. दुबार पेरणीचा खर्च टळेल.