कारिजिनीच्या घळईत आठवलेली सहल



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘ऑस्ट्रेलियातलं काहीतरी सांग’ असं फर्मान काढलं आहे. सिडनीचा पूल तुम्ही सगळ्यांनी फोटोंत पाहिलाय, म्हणून मी कारिजिनीबद्दल सांगते. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे. ती जिच्यासाठी आहे ती व्यक्ती पहिल्याच रांगेत बसली आहे.

कारिजिनी हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं राष्ट्रीय उद्यान. आम्ही राहतो त्या पर्थपासून सुमारे १,४०० किलोमीटर. गेल्या जुलैच्या सुट्टीत मी, नवरा आणि चौदा वर्षांची लेक, असे दोन दिवस गाडी चालवत गेलो. तांबडी माती, टोकदार गवताचे गोल झुबके, आणि मैलोन् मैल माणूस नाही. उद्यानात पेट्रोल मिळत नाही, मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. वर सगळं सपाट दिसतं आणि चालता चालता एकदम पायाखालची जमीन संपते. खाली शंभर मीटरपर्यंत खोल घळई!

तिथला खडक पाहून मला भूगोलाचा तास आठवला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, असं बाईंनी शिकवलं होतं. हा खडक जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांचा आहे. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली, त्याच्याशी संयोग होऊन ते लोह तळाशी बसत गेलं. एक थर लोहाचा, एक सिलिकाचा. घळईची भिंत म्हणजे कडेने पाहिलेली जाडजूड वहीच.

पहिल्या दिवशी डेल्स घळईत उतरलो. तिथला फोर्टेस्क्यू धबधबा झऱ्यावर चालतो, म्हणून बारमाही. त्याच्या वरच्या अंगाला फर्न पूल नावाचा डोह आहे. बंजिमा, यिन्हावांगका आणि कुरामा हे तिथले मूळ लोक. त्यांच्या दृष्टीने ही जागा पवित्र, म्हणून पाण्यात शांतपणे उतरायचं. आमची बडबडी लेकसुद्धा अर्धा तास गप्प होती!

शेवटचा दिवस हॅनकॉक घळईचा. शिडीने खाली उतरायचं, पाण्यातून जायचं, आणि पुढे वाट इतकी अरुंद होते की दोन्ही भिंतींना हातपाय टेकवत कोळ्यासारखं सरकावं लागतं. त्यापलीकडे हिरवा डोह. मी त्याच्यासाठीच आले होते. आम्ही त्या अरुंद जागेपाशी पोहोचलो आणि दोन-चार थेंब पडले.

लेक म्हणाली, “आई, वर जाऊ या.”

“अगं, थेंब आहेत नुसते. दहा मिनिटांत जाऊन येऊ.”

“पाऊस असेल तर घळईत थांबू नका, असं पाटीवर लिहिलंय. तूच मला मोठ्याने वाचून दाखवलंस.”

दूर कुठे पाऊस पडला तरी अशा घळईत पाणी अचानक चढतं, हे मला माहीत होतं. तरी मी वाद घातला. १,४०० किलोमीटर आलोय, पुन्हा कधी येणार! ती हटली नाही. शेवटी मी फुरंगटून शिडी चढले. वर गाडीत बसून तासभर वाट पाहिली. पाऊस आलाच नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, “बघ, उगाच घाबरलीस.”

तेवढ्यात नववीची पावसाळी सहल आठवली. घाटातल्या डोहात आपण खेळत होतो. पाण्यातून पालापाचोळा यायला लागला, रंग जरासा गढूळ झाला, आणि बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. आपण हातापाया पडलो, बाई बधल्या नाहीत. पुढे पूर आला नाही, काहीच झालं नाही. परतताना बसमध्ये रुसून कुणी एक गाणं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी लिहिलं : ‘भित्री भागूबाई’. बाईंनी ते वाचलं, डस्टरने पुसलं आणि शिकवायला लागल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली. आमच्याकडे ज्या रात्री काहीच बिघडत नाही, त्या रात्रीबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. हे मला कामात कळत होतं, पण बाईंच्या बाबतीत कळायला त्या गाडीत बसावं लागलं. काही झालं नाही म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. चाळीस मुलांचा राग एकटीने पत्करायला किती धीर लागला असेल!

मी लेकीला म्हटलं, “बरोबर केलंस.” तो हिरवा डोह माझा राहिलाय, आणि राहिला तरी चालेल.

बाई, फळ्यावरचं ते अक्षर माझं होतं. तुम्ही कदाचित तेव्हाच ओळखलंही असेल. तीस वर्षं उशीर झाला, मला माफ करा.