अनेक धाग्यांचा प्रोग्रॅम

एका स्वयंपाकघरांत दोन चुली पेटविल्या, म्हणजे भात आणि आमटी एकाच वेळीं शिजतात. परंतु पळी एकच असेल तर कोणाला तरी थांबावें लागतें. संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें अनेक ‘थ्रेड’, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, चालविण्याचें मर्म याहून निराळें नाहीं. एका प्रोग्रॅमचे सर्व धागे एकच स्मृति सामाईक वापरतात; सोय त्यांत आहे, आणि धोकाही त्यांतच आहे.

खात्यांत १०० रुपये शिल्लक आहेत असें समजावें. एक धागा तो आंकडा वाचतो. त्यानें नवी रक्कम लिहिण्यापूर्वींच दुसराही १०० हाच आंकडा वाचतो. दोघेही दहा रुपये मिळवून ११० लिहितात. हवे होते १२०. दहा रुपये नाहींसे झाले! ही चूक प्रत्येक खेपेस घडत नाहीं, म्हणूनच ती चांचणींत सहसा सांपडत नाहीं.

ती क्षुल्लक मात्र नव्हे. टेक्सास राज्यांतील टायलर येथें १९८६ सालीं ‘थेरॅक-२५’ या किरणोपचाराच्या यंत्रावर चालकानें नोंद झटपट दुरुस्त केली. यंत्र सज्ज करणाऱ्या भागाला ती दुरुस्ती कळलीच नाहीं. अशा रीतीनें दोन रुग्णांवर किरणांचा भयंकर मारा झाला, आणि दोघेही दगावले.

एका वेळीं एकानेंच नाजूक भागांत शिरावें, बाकीच्यांनीं दाराशीं थांबावें, हा यावरील उपाय. कितीही कामें एकत्र चालत असलीं तरी हा नियम पाळतां येईल अशी युक्ति डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. आज बहुतेक भाषांत त्यासाठीं तयार कुलूप मिळतें.

नवशिक्यानें प्रथम एकाच धाग्यानें प्रोग्रॅम अचूक चालवावा, आणि वेळ कोठें खर्च होतो तें मोजावें. मग परस्परांशीं संबंध नसलेलीं कामें, उदाहरणार्थ शेंकडों छायाचित्रें लहान करणें, चार धाग्यांत वांटून द्यावीं. सामाईक वस्तु शक्य तितक्या थोड्या ठेवाव्या. ज्या बदलतात त्यांना कुलूप लावावें. दोन कुलुपें लागत असतील तर सर्वांनीं तीं एकाच क्रमानें घ्यावीं. नाहीं तर दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे अडून बसतील. शेवटीं सर्व धागे संपल्याची खात्री करूनच उत्तर वाचावें.

अपेक्षाही बेताची असावी. निम्मा वेळ जर क्रमानेंच करावयाच्या कामांत जात असेल, तर हजार धाग्यांनींही वेग दुपटीपलीकडे जात नाहीं. वेग हें धाग्यांचें फळ आहे. परंतु उत्तर चुकलें तर त्या वेगाचें मोल शून्य होय.