आजी ‘मले’ म्हणाली, तर ‘मले’च लिहा

धंतोलीतून बोलतोय. इथं दर दुसऱ्या इमारतीत दवाखाना आहे, मधेच अ‍ॅम्ब्युलन्स वाजली तर सांभाळून घ्या. आजचा विषय मौखिक इतिहास. म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायच्या आणि लिहून ठेवायच्या.

हे पीएचडीवाल्यांचं काम वाटत असेल तर ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, १९८९ चं पुस्तक. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, बोलतं करून लिहिलेलं. २० जुलै १९४२ ला आपल्या नागपुरात दलित महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. ठराव कागदावर आहेत. पण परिषदेला आलेल्या बाईनं लेकरू कोणाकडे ठेवलं, हे ठरावात येत नाही. ते विचारावंच लागतं.

आणि आता वेळ कमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे अठरा वर्षांचे होते, ते आज नव्वदीकडे झुकलेत. दीक्षाभूमी इथून गाडीनं दहा मिनिटं.

‘तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. ‘चांगलं वाटलं,’ संपलं. त्या दिवशी लोक पांढरे कपडे घालून आले होते, म्हणून मी एका आजीला विचारलं, पांढरं लुगडं कुठून आणलं? ती म्हणाली, ‘लुगडं कुठचं घेता बापा! मालकाचं धोतर धुतलं, तेच नेसली.’ मग अर्धा तास ती बोलत होती. भाकरी किती बांधल्या, रस्त्यात कोण भेटलं, सगळं. मधे नातू म्हणाला, ‘आजी, तसं नव्हतं.’ नातवाला चहा आणायला पाठवा. खरंच.

सालाचा हट्ट धरू नका. दीक्षेनंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नागपूरची राजधानी गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो. ‘राजधानी गेली त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की साल आपोआप सापडतं. चुकीचं सांगितलं तरी तोडू नका. मजकूर तसाच ठेवा, आपली टीप चौकटी कंसात.

टेक्निकल गोष्टी थोडक्यात: फोन एअरप्लेन मोडवर, कूलर बंद. उन्हाळ्यात हे क्रूर आहे, म्हणून थंडीत जा.

खरी मेहनत टायपिंगची. आपोआप टाइप करणारं अ‍ॅप ‘मले’चं ‘मला’ करतं, ‘काऊन’ तर त्याला कळतच नाही. कच्चा मसुदा म्हणून वापरा, पण नंतर ऑडिओ लावून ओळ न् ओळ तपासा. बोली ‘सुधारली’ की ती बाई पुण्याची होते. गप्प बसली असेल तर तेही लिहा: [बराच वेळ शांत].

परवानगी दोनदा घ्या. सुरुवातीला, आणि टाइप केलेलं वाचून दाखवल्यावर. जातीवरून कोणी काय बोललं, कोणाच्या विहिरीवरून हाकललं, हे बोलण्याच्या ओघात निघतं. छापायचं म्हटल्यावर तिला वाटू शकतं, त्या घरची माणसं अजून शेजारीच राहतात. ती ‘काढ’ म्हणाली, तर तो भाग काढायचा, कितीही भारी असला तरी. नाव बदलून चालेल का, एवढं विचारा. नाही म्हणाली तर नाही.

फाइलची एक प्रत आजीच्या घरी ठेवा, पेनड्राइव्हवर. आणि टाइप केलेली पानं मोठ्या अक्षरात छापून द्या.