लढाईचं गणित

फ्रेडरिक लँचेस्टर हे मोटारी बनवणारे इंग्रज इंजिनिअर. 1914 मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं त्या वर्षी, त्यांनी लढाईचं समीकरण मांडलं. नेम धरून लढणाऱ्या फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. समजा, दोन्हीकडे हजार-हजार, सारख्याच तयारीचे सैनिक आहेत. एका सेनापतीनं आपली फौज निम्मी-निम्मी करून पाठवली. पहिल्या पाचशेंना संपवून समोरचे 866 उरतात, दुसऱ्या पाचशेंनंतरही 707! शत्रूला तुकड्या-तुकड्यांत गाठावं हे शहाणपण जुनंच; लँचेस्टरनी त्याला आकडा दिला.

पण माणसं मोजकीच असली की हे समीकरण उघडं पडतं. तिघांविरुद्ध दोघं लढले, तर त्याच्या हिशेबी तिघंच जिंकणार. संभाव्यतेचा हिशेब वेगळा. पुढचा बळी दोघांपैकी असण्याची शक्यता पाचात तीन, तिघांपैकी असण्याची पाचात दोन. असं एकेक बळी मोजत शेवटपर्यंत गेलं, तर 40 पैकी 9 वेळा दोघंच बाजी मारतात. अर्थात, इथं प्रत्येक जण मरेपर्यंत लढतो. भीती, थकवा, माघार यांना या गणितात जागाच नाही, आणि खऱ्या लढाया बहुतेकदा तिथंच फिरतात.