गोंगाटाचे सोबती

कावेरीच्या काठी, म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर तलकाड हे गाव आहे. गंग राजांची ही एके काळची राजधानी. तेथील देवळे वाळूत गाडली गेली ती अलमेलम्मा नावाच्या स्त्रीच्या शापामुळे, असे लोक सांगतात. शाप भोवला म्हणतात तो म्हैसूरच्या राजघराण्यालाही. त्याच घराण्याच्या बंगळूरच्या राजवाड्यालगतच्या मैदानात १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, आणि हजारो तरुण तेथे लोटले.

तलकाडसारख्या गावातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे ‘हेवी मेटल’ का आवडावे? इयरफोनचे एक टोक स्वतःच्या कानात, दुसरे मित्राच्या, अशी जोडी घाटावर बसलेली पाहून वडीलधाऱ्यांना परीक्षेची काळजी वाटते. त्यांना ऐकू येतो तो नुसता गोंगाट. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांनी छाती हादरते, तेव्हा मात्र कुणी कानांवर हात ठेवीत नाही!

या संगीताच्या मुळाशीही असाच एक मुलगा आहे. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर निघायचे ठरले होते. कारखान्यातला तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवल्यावर परत जाण्याचे त्याच्या जिवावर आले, पण काम पुरे करून ये, असे आईने बजावले. त्या दुपारी यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबायच्या त्या याच बोटांनी. मग मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत हात भाजल्यावर मुख्यतः दोन बोटांवर गिटार पेलणारा तो वादक! आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडे चिकटविले, पुढे तारा सैल केल्या. स्वर खोल आणि जडशीळ झाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी निघाली.

त्या चौघांतला गायक ऑझी ऑसबोर्न आयोमीच्याच शाळेतला. शाळेत आयोमी त्याला दमदाटी करी. मैत्री जुळली ती वाजविताना. चौघेही ॲस्टन या कामकऱ्यांच्या वस्तीतले. ५ जुलै २०२५ रोजी तेथील व्हिला पार्क मैदानात ते पुन्हा एकत्र आले. ऑझीला उभे राहवत नव्हते. तो खुर्चीत बसून गायला. २२ जुलैला तो गेला.