चालू आहे का, आणि चालवतं कोण?

बौशरहून बोलतोय. मस्कत बघून गेलेल्यांना बौशर म्हटलं की मोठी मशीद आठवते, नाहीतर भर शहरात उभ्या असलेल्या वाळूच्या टेकड्या. मी बोलतोय ते घाला इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूचं बौशर. इथे गॅरेजं, स्पेअर पार्टची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या आहेत.

व्यवसायाने मी आयटी सल्लागार. कंपन्यांच्या जुन्या सिस्टीम काढून नव्या बसवून देणं हे माझं काम. म्हणजे आठवडाभर लोकांना सांगायचं, 'जुनं काढून टाका,' आणि शुक्रवारी सकाळी जुन्या ट्रकच्या खाली झोपायचं. बायको म्हणते, तुझ्या क्लायंटांना तुझे शुक्रवारचे फोटो दाखवायला हवेत.

तर आमचा शुक्रवारचा कट्टा पाच-सहा जणांचा. एक आपल्या कोल्हापूरकडचे मिस्त्री, वीस-बावीस वर्षं डिझेल गॅरेजमध्ये काढलेले. एक मल्याळी गृहस्थ, पार्टच्या दुकानात कामाला. कुठलाही सील हातात घेऊन न मोजता साइज सांगतात. पेशावरचे एक ड्रायव्हर आहेत. आणि मध्यभागी एक वयस्कर ओमानी गृहस्थ. त्यांना आम्ही सगळे 'वालिद' म्हणतो, म्हणजे वडील. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी. सोबत करक. ही करक म्हणजे आपली कडक चहाच, आखातात येऊन 'ड'चा 'र' झालेली.

गप्पा कसल्या? सांगतो. पेशावरवाल्यांचं म्हणणं, बेडफर्डसारखा ट्रक झाला नाही. त्यांच्याकडे रंगवलेले, नटवलेले बेडफर्ड अजून रस्त्यावर दिसतात. मिस्त्रींचं म्हणणं, टाटा. टेल्कोने 1954 साली डेमलर-बेंझशी करार केला, तेव्हा ट्रकच्या तोंडावर मर्सिडीझचा तारा असायचा. 1969 ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. मिस्त्रींचे वडील ताऱ्याच्या गाडीवर क्लीनर होते, त्यामुळे हा विषय निघाला की ते कोणाचं ऐकत नाहीत. मी मध्येच फार्गोचं नाव काढतो, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवलेला. किंवा सांगतो, की ज्याला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो ते मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव, आणि फिरोदियांनी ते आपल्याकडे आणून आपल्या बोलीत कायमचं घातलं. यावर कोणी वाद घालत नाही. चहा मात्र आणखी एक होतो.

वालिदांचा स्वतःचा बेडफर्ड आहे. बौशरच्या जुन्या वस्तीत खजुराची वाडी आहे त्यांची, तिथे घाफच्या झाडाखाली उभा असतो. घाफ म्हणजे कोण माहिती आहे? आपली शमी. पांडवांनी शस्त्रं लपवली ती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कळलं आणि नकळत ट्रकला हात जोडले गेले. वालिद हसले. ते तरुण होते तेव्हा, म्हणजे 1970 पर्यंत, सबंध देशात डांबरी रस्ता होता सुमारे दहा किलोमीटर. निझव्याकडून मस्कतला यायचं तर वाडीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून. खजुराची पोती, त्यावर माणसं, मागे शेळ्या. पाऊस आला की पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. आणि भाडं घ्यायचं ते रुपयांत, कारण तेव्हा इथे रुपया चालायचा. ओमानचं स्वतःचं चलन 1970 ला आलं.

इंग्लंडमध्ये जनरल मोटर्सने बेडफर्डचे मोठे ट्रक बनवणं 1986 ला थांबवलं. पण वालिद दर शुक्रवारी गाडी सुरू करून वाडीतल्या वाडीत फिरवतात. ऑइल गरम होईपर्यंत.

आता माझ्या घरची गोष्ट.

वाळवा तालुक्यात आमच्या घरी एक एचएमटी ट्रॅक्टर आहे. 2511, पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलेंडर. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं डिझाइन. एचएमटीने 1971 पासून हरियाणात पिंजोरला बनवायला घेतलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1979 ला भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतला. अण्णांच्या मनगटावर घड्याळही एचएमटीचं, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं जगात एकच कारखाना आहे. तो घड्याळाचा कारखाना आणि तो ट्रॅक्टरचा विभाग, दोन्ही बंद करायचा निर्णय सरकारने 2016 सालीच घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा गेले.

ट्रॅक्टर गोठ्याच्या एका बाजूला उभा राहिला. दादाकडे पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा नवा आहे. रोटाव्हेटर आणि उसाची ट्रॉली जुन्याला ओढवत नाही. दोन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. भंगारवाला पन्नास हजार देतोय, देऊन टाकू का? मी म्हटलं, 'दादा, अजिबात नाही. लागेल तो खर्च मी करतो.'

मंडळी, हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी कशाकशासाठी उच्चारलंय, ते तुमचं तुम्ही आठवा. जुनं घर, जुनी विहीर, आजीचा पितळी बंब.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता केला. छंदाचा खर्च लपवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. एका वर्षाचा हिशेब सांगतो. गावाकडे: मागच्या टायरची जोडी 34,000 रुपये, बॅटरी 6,500, पंप-नोझल 7,200, सेल्फचं वाइंडिंग 2,800, रेडिएटर 4,500. झाले 55,000. भंगारवाला देत होता त्याहून पाच हजार जास्त. इथे मस्कतला: शुक्रवारचे चहा-पराठे सदुसष्ट रियाल, इंची पान्यांचा सेट बावीस रियाल, ग्रीस गन आणि फुटकळ पंधरा, वालिदांच्या ब्रेक सिलेंडरच्या किटमध्ये माझी वर्गणी चाळीस. इंची पाने वेगळे का घ्यावे लागले? बेडफर्ड इंग्रजी, त्याचे नट-बोल्ट इंचाचे; आमचं झेटरचं खानदान मिलिमीटरवालं. एकाचा पाना दुसऱ्याला लावला की बोल्टचं डोकं गोल झालंच म्हणून समजा. मी एक केलंय तसं.

त्यातला सेल्फ मागाहून दोनदा जळला. दुकानाचं नाव घेत नाही.

एमबीएला आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात, की जो खर्च होऊन गेला तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. मी हे लोकांना पैसे घेऊन सांगतो. आणि स्वतः प्रत्येक वेळी म्हणत होतो, 'आता टायर घातलेच आहेत तर पंपही करून घे.'

तक्ता बायकोला दाखवला. तिने शेवटपर्यंत नीट वाचला आणि विचारलं, 'यात दादांचे तास कुठे आहेत?'

मला कळेना. ती म्हणाली, 'टायर इस्लामपूरला जाऊन आणले कोणी? पंप कोल्हापूरला नेला कोणी? सेल्फ दोनदा परत नेला तो तुझ्या तक्त्याने नेला का?'

मी वहिनींना फोन लावला. दादा सांगणार नाही हे माहीत होतं. वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, आता विचारलंत म्हणून सांगते. वर्षात नऊ खेपा झाल्या. त्यातल्या चार ऐन तोडणीच्या हंगामात. टोळी शेतात थांबलेली आणि हे तुमच्या ट्रॅक्टरपायी कोल्हापुरात. आणि गोठ्यात तेवढी जागा मोकळी असती तर दोन म्हशी बांधायच्या होत्या आम्हाला.'

'तुमच्या ट्रॅक्टरपायी', म्हणाल्या त्या. मी आठ वर्षं त्याला 'अण्णांचा ट्रॅक्टर' म्हणत होतो.

पुढच्या शुक्रवारी कट्ट्यावर मी हे सगळं बोलून दाखवलं. वालिदांनी दोनच प्रश्न विचारले. 'चालू आहे का?' म्हटलं, हो, आता चालू आहे. 'चालवतं कोण?' मी गप्प बसलो. कारण खर्च करून आम्ही तो चालू केला होता, पण कामाला कोणी लावला नव्हता. महिन्यातून एकदा दादा सुरू करून मला व्हिडिओ पाठवायचा, तेवढंच.

मिस्त्रींनी मग मला नीट समजावलं, आणि हे तुम्हालाही उपयोगी पडेल. डिझेल इंजिन चालून मरत नाही एवढं उभं राहून मरतं. अर्ध्या टाकीत हवेतलं बाष्प साचून पाणी होतं, ते तळाशी बसतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज फिल्टरमधून पंपापर्यंत जातो. पंपाच्या आतले दांडे इतके घट्ट बसवलेले असतात, की जरासा गंज धरला तरी अडकतात. सील वाळतात. टायर एकाच जागी दबून चिरतो. पाच मिनिटं सुरू करून बंद केलं तर उलट जास्त वाईट. इंजिन गरम होत नाही, आत ओल धरते आणि बॅटरीतून सेल्फने घेतलेलं परत भरून निघत नाही. म्हणजे माझ्या व्हिडिओसाठी दादा जे करत होता, ते ट्रॅक्टरच्या दृष्टीने नुकसानच होतं.

कागदांचंही सांगून टाकतो, कारण परदेशात राहणाऱ्यांच्या घरी हा घोळ हमखास असतो. आमचं आरसी बुक अण्णांच्याच नावावर होतं. नियम असा, की मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. आम्ही काहीच केलं नव्हतं. नोंदणीची मुदत 2019 ला संपली, तेही कोणाच्या लक्षात नाही. विमा नाही. अशा ट्रॅक्टरने रस्त्यावर कोणाला धक्का लागला असता तर तो दादाच्या गळ्यात. आमची बहीण आणि मी, दोघांनी संमतीपत्रं दिली, दंड भरला, आणि ट्रॅक्टर दादाच्या नावावर झाला. ही ओळ मी तक्त्यात सगळ्यात वर लिहिली.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्यांसाठी सरकारने सवलतीचा नियम केलाय ना? केलाय, 2021 ला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, वीस हजार शुल्क, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण तो नियम दुचाक्या आणि खासगी प्रवासी मोटारींचा. ट्रक, ट्रॅक्टर त्यात बसत नाहीत. महाराजांची रोल्स-रॉइस वारसा ठरते. ज्याने धरणाची खडी वाहिली, उसाचं रान नांगरलं, ते यंत्र फक्त जुनं. मला हे पटत नाही, पण नियम आहे तो असा आहे.

गणपतीत गावी गेलो तेव्हा दादाशी समोरासमोर बोललो. म्हटलं, 'दादा, ट्रॅक्टर तुझ्या नावावर आहे. विकायचा तर वीक, मी बोलणार नाही.' पाठ करून गेलो होतो हे वाक्य. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला कधी विकायचाच नव्हता रे. तू पैसे पाठवायचास आणि मी हेलपाटे घालायचो, ते नको झालं होतं. त्याला काम पाहिजे.'

आणि काम त्यानेच शोधलं. जनावरांचा चारा रानातून घरी आणायला छोटी ट्रॉली, आणि कडबाकुट्टी फिरवायला पट्टा. पंचवीस हॉर्सपॉवरला हे हसत जमतं, डिझेलही मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा कमी लागतं. गोठ्यातून तो बाहेर निघाला; कडेला चार पत्र्यांची शेड घातली, तिचे पैसे मी दिले. मोकळ्या जागेत एक म्हैस आली आहे, दुसरीचं चाललंय. मी म्हटलं, मूळ रंग देऊन घेऊ या, छान दिसेल. दादा म्हणाला, 'फोटोसाठी रंग नको. पुढचे टायर बघ.' ते बघतोय.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. दादाच्या तासांचे पैसे मी देऊ म्हणतो, तो घेत नाही. भावाकडून मजुरी घेऊ का, म्हणतो. वहिनींना मात्र काही अडचण नाही, त्यांनी खाते क्रमांक पाठवलाय.

गेल्या शुक्रवारी व्हिडिओ आला. पुतण्या चालवतोय, मागे चाऱ्याची ट्रॉली, धुराड्यातून पहिला काळा धूर आणि मग दोन सिलेंडरचा तो ठक-ठक आवाज. कट्ट्यावर सगळ्यांना ऐकवला. मिस्त्री म्हणाले, टॅपेट सैल आहेत, बघायला सांगा. वालिदांनी फोन कानाला लावून पुन्हा एकदा ऐकला, आणि विचारलं, 'पोरगा कोणाचा?'

तक्त्यात या महिन्याची नवी ओळ आहे: दादा, चौदा तास. पुतण्या, नऊ. तुमच्याकडेही असा एखादा ट्रॅक्टर, ट्रक किंवा निदान स्कूटर गावी उभी असेल, तर कार्यक्रमाला कळवा. आणि आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते आजच्या फोनमध्ये विचारून घ्या. नमस्कार.