सत्तरच्या दशकांतील विस्मृत गीतें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मीं जुन्या धर्मगुरूंविषयीं बोलावें अशी आपली अपेक्षा असेल. तें काम माझ्याहून योग्य वक्ते करतीलच. माझा विषय आपणांस हलका वाटेल. ज्या दशकांत आपला धर्मग्राम जन्मास आला, त्या दशकांतील पॉप गीतांविषयीं, आणि त्यांतही जीं लोक विसरले त्यांविषयीं मी बोलणार आहें.

तेव्हां वाशिम हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९९८ सालीं झाला. आम्ही अकोला जिल्ह्याचे, आणि अकोल्याकडे जाणारी मीटरगेज गाडी हाच आमचा बाहेरच्या जगाशीं संबंध. गाणीं मात्र गाडीची वाट पाहत नसत. बुधवारीं रात्रीं रेडिओ सिलोनवर अमीन सयानी बोलूं लागले, कीं सारी आळी गप्प होई.

१९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्सालविस हें नांव पोरासोरांच्या तोंडीं झालें. हे गृहस्थ खरोखरच होते, हें आम्हांस कित्येक वर्षें ठाऊक नव्हतें! गोव्यांतील माजोर्डे गांवीं १९२७ सालीं जन्मलेले हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरु, आणि शिष्यानें त्या गीतांत गुरूचें नांव अमर केलें. त्यांच्यासारख्या ख्रिस्ती वादकांनीं व सॅबॅस्टियन डिसोझांसारख्या संगीतसंयोजकांनीं हिंदी चित्रपटसंगीताचा केवढा भार वाहिला! परंतु तबकडीवर नांवें छापलीं जात तीं संगीतकाराचीं आणि गायकांचीं.

गोव्याकडच्या सिस्टरांमुळें आम्हांस ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांचीं कोंकणी गीतेंही ऐकावयास मिळालीं. एक गीत तर दारुड्यावर होतें. तें ऐकून आमच्यांतील कांहीं मंडळी खालीं पाहूं लागत. पुढें लॉर्नाबाई पुष्कळ वर्षें गाईनाशा झाल्या, आणि १९९५ सालीं पुन्हा गाऊं लागल्या. २०१४ सालच्या एका कोंकणी चित्रपटानें तीं गीतें नव्या पिढीपुढें आणलीं.

मराठी पॉप मात्र अगदींच उपेक्षित राहिलें. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनीं १९७४ सालीं मुंबईस ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी संगीतिकेंत यहूदा इस्कर्योताची भूमिका केली. तें वर्तमानपत्रांत वाचून माझें मन विटलें. प्रभूच्या दुःखसहनाचा असा तमाशा, आणि त्यांत विश्वासघातक्यानें गावें! पुढें १९७८ सालीं पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आला. त्यांत याच भेंड्यांनीं पॉपच्या ढंगानें मराठी शब्द गाइले. तेंही मला थिल्लर वाटलें. आज वाटतें, मीं नीट ऐकलेंच नव्हतें.

हें सांगण्याचें कारण निराळें आहे. मी तेव्हां आपल्या गायनवृंदाचा प्रमुख होतों. एक तरुण गिटार घेऊन आला व स्वतः रचलेलें मराठी भक्तिगीत त्यानें सरावाच्या वेळीं म्हणून दाखविलें. चाल त्या नव्या ढंगाची होती. मीं सर्वांदेखत म्हटलें, “ही नाटकाची चाल वेदीपुढें चालणार नाहीं.” ४ डिसेंबर १९६३ चें उपासनेविषयींचें परिषदेचें घटनापत्र मीं त्याच्यापुढें केलें, त्यांत पाइप ऑर्गनची थोरवी आहे ना! पण इतर वाद्यें पवित्र कार्यास योग्य असल्यास स्वीकारावींत, आणि लोकांच्या आपल्या संगीतपरंपरेस मान द्यावा, असेंही तेथेंच लिहिलें आहे. तेवढें मीं वाचून दाखविलें नाहीं. (आमच्याकडे पाइप ऑर्गन होता कुठें? होती एक गळकी हार्मोनियम!)

तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें नोकरीनिमित्त पुण्यास गेला. येथें पुन्हा गाइला नाहीं. त्याची वही बाकावर राहिली होती, ती मीं उचलून ठेवली, आणि परत करण्याचें धैर्य मला कधीं झालें नाहीं.

ती वही आज मीं बरोबर आणली आहे. तींत अकरा गीतें आहेत. तीनांची चाल मला येते. उरलेल्या आठांची येत नाहीं. त्या वेळच्या गायनवृंदांतील जीं मंडळी येथें बसलीं आहेत, त्यांपैकीं कोणास एखादी ओळ जरी आठवत असेल, त्यांनीं भोजनापूर्वीं हार्मोनियमपाशीं यावें. मी तेथेंच बसणार आहें.